तारा सापडत नाही? आधी वेळ तपासा

तारा आपोआप शोधणारी गोटू दुर्बीण ताऱ्याऐवजी मोकळ्या आकाशाकडे वळली, तर दोष बहुधा मोटारीत नसतो, आपण भरलेल्या माहितीत असतो. सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टारमध्ये तारीख भरताना महिना आधी येतो. इथे घोळ होऊ शकतो. भारतीय वेळेचा जागतिक वेळेशी असलेला फरक ५:३० ऐवजी ५:०० भरला, तर पहिलाच तारा ७.५ अंशांपर्यंत हुकतो, म्हणजे पौर्णिमेचे पंधरा चंद्र ओळीने मावतील एवढा! ‘डेलाइट सेव्हिंग’ बंदच हवे. अलाइनमेंटसाठी, म्हणजे दुर्बिणीला आकाशाची दिशा कळवण्यासाठी, एकमेकांपासून दूरचे दोन तारे घ्या, अगदी डोक्यावरचा टाळा. तारा मध्यभागी आणताना शेवटी वरचे आणि उजवीकडचे बटणच वापरा. गिअरमधला ढिलेपणा त्याने निघतो. तरीही माउंट भरकटले, तर बॅटरी उतरलेली नाही ना, ते पाहा.