परदेशी निघताना बॅगेत गोळ्यांची बाटली

या लेखाखाली माझं नाव नाही. संपादकांनीच "नाव नको, पण अनुभव लिहा" असं सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून आता कितीतरी मुलं-मुली, सुना-जावई परदेशी निघतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या बॅगेत माझ्यासारखी बाटली असेल, तर त्याच्यासाठी हे चार शब्द.

मला एचआयव्ही आहे. २०१६ साली कळलं. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात औषधं सुरू झाली. आपल्या देशात ही औषधं २००४ पासून सरकार मोफत देतं. आधीच्या गोळीने रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडायची, पुढे डोल्युटेग्राविर असलेली नवी गोळी मिळाली. रोज एक गोळी, रात्री नऊ वाजता. लग्नाआधी बायकोला सगळं सांगितलं होतं. रक्तातला विषाणू औषधाने सतत तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं. आईला मात्र ती बीपीची गोळी वाटते.

मग मँचेस्टरची नोकरी आली. त्याआधी दुबईची एक संधी मी सोडली होती. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत इथे राहण्याच्या परवान्यासाठी एचआयव्हीची तपासणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर परत पाठवतात. कॅनडातही स्थायिक होताना तपासणी होते, पण केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नाकारत नाहीत. अमेरिकेने आपली बंदी जानेवारी २०१० मध्ये उठवली. ब्रिटनच्या व्हिसासाठी एचआयव्हीची तपासणी नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर भारतीयांना क्षयरोगाची तपासणी तेवढी करावी लागते. म्हणून नोकरीला होकार देण्याआधी त्या देशाचा नियम बघा.

माझा बेत काय होता सांगू? केंद्रात कोणाला काही न सांगता निघायचं, हातात असलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या न्यायच्या, पुढचं पुढे बघू. केंद्रात आमच्याच कॉलनीतलं कोणी भेटेल, परदेशाची बातमी फुटेल, ही भीती. बायको म्हणाली, "आणि चौथ्या महिन्यात काय करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या समुपदेशक ताईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "न सांगता गेला असतात, तर आमच्या वहीत तुम्ही उपचार सोडलेले पेशंट ठरला असतात." त्यांनी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र करून दिलं. त्यात निदान कधी झालं, आजवर कोणकोणती औषधं घेतली आणि ती का बदलली, सीडी४ आणि व्हायरल लोडचे आकडे, हिपॅटायटिस बीचा अहवाल, सगळं होतं. औषधांची कंपनीची नावं परदेशात चालत नाहीत, म्हणून मूळ नावं लिहिली. गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, विमानात चढवायच्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हेही त्यांनीच बजावलं.

वेळेचा प्रश्न होताच. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथे हिवाळ्यात दुपारचे साडेतीन. ऑफिसात सगळ्यांसमोर बाटली कशी उघडणार? डॉक्टर म्हणाले, वेळ हळूहळू पुढे सरकवा, काही तासांनी बिघडत नाही. पण गोळी चुकवू नका. आठवडाभरात तिथलेही रात्रीचे नऊ जमले.

तिथे पोचल्यावर घोळ झाला तो माझ्याच गैरसमजाने. आधी जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, मग त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुढे जायचं, असं मी धरून चाललो होतो. भाड्याच्या घराचे कागद नव्हते, दवाखान्यात दोनदा परत पाठवलं. बाटलीत अठरा गोळ्या उरल्या तेव्हा झोप उडाली. मग कळलं की एचआयव्हीच्या उपचारासाठी लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये थेट जाता येतं, चिठ्ठी लागत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून हा उपचार सर्वांना मोफत आहे, व्हिसा कोणताही असो. फोन केला, त्याच आठवड्याची वेळ मिळाली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी ताईंनी दिलेलं पत्र पाचेक मिनिटं शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "असं पत्र सगळे आणतील तर आमचं काम किती सोपं होईल!" हिपॅटायटिस बी नाही याची पुन्हा खात्री करून मगच त्यांनी गोळी बदलली. जुन्या गोळीतलं टेनोफोविर हिपॅटायटिस बीलाही आवरून धरतं. तो आजार असताना ते अचानक थांबवलं, तर यकृताला त्रास होऊ शकतो. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर सांगा, असंही त्यांनी विचारून घेतलं, कारण त्यांनी डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषलं जात नाही.

खंड पडला असता तर काय झालं असतं? औषध थांबलं की विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो, आणि अर्धवट औषध घेत राहिलं तर तो त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. इतक्या वर्षांची शिस्त माझ्या संकोचापायी वाया गेली असती.

म्हणून सांगतो, तिकीट काढलं की केंद्रात जाऊन सांगा. जाणाऱ्या गावातलं क्लिनिक निघण्याआधीच शोधून ठेवा. केंद्रात जायचा धीर होत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नाव न सांगता विचारता येतं.

आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, "गोळी घेतलीस ना रे?" मी "हो" म्हणतो. या दिवाळीला इंदूरला येणार आहे. ती गोळी कशाची, हे या वेळी तिला सांगायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.