पुण्यात ६० हजार की साताऱ्यात ४० हजार? छोट्या शहरात राहणं खरंच स्वस्त पडतं का, गणित समजून घ्या

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला साताऱ्याच्या विनाथांबा गाडीची रांग बघितली की एक गोष्ट कळते. पोट पुण्यात आहे, जीव गावाकडं. सांगलीच्या गाडीचीही तीच गत. सोमवारी पहाटे हीच मंडळी डोळे चोळत परत निघतात.

मग कधीतरी मनात येतं, की पुण्यात एवढं भाडं भरायचं, रोज ट्रॅफिकमध्ये अडकायचं, त्यापेक्षा साताऱ्यात नाहीतर सांगलीत थोड्या कमी पगारात राहिलं तर काय बिघडलं? इन्स्टावर 'पुणे सोडलं, गावी आलो, आता सुखात आहे' असे रील्स पडतात आणि खाली भांडणं लागतात. एक गट म्हणतो, स्वर्ग आहे. दुसरा म्हणतो, वर्षभरात परत येशील.

खरं काय? एकेक मुद्दा बघू.

सरकारच्या हिशोबानं कोणतं शहर किती महाग?

शहर महाग की स्वस्त, यावर सरकारचं स्वतःचं एक उत्तर आहे. ते मिळतं घरभाडे भत्त्यात, म्हणजे एचआरएमध्ये. केंद्र सरकारनं शहरांचे तीन वर्ग केलेत. ५० लाखांवर लोकसंख्या असेल तर 'एक्स', ५ ते ५० लाख असेल तर 'वाय' आणि त्याखालची सगळी शहरं-गावं 'झेड'. पुणे 'एक्स'मध्ये आहे, सांगली 'वाय'मध्ये आणि सातारा 'झेड'मध्ये.

सातव्या वेतन आयोगाच्या नियमानुसार महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, तेव्हा जानेवारी २०२४ पासून हे दर ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे केंद्राच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन ५० हजार असेल, तर त्याला पुण्यात १५ हजार भत्ता मिळतो, सांगलीत १० हजार आणि साताऱ्यात ५ हजार. माणूस तोच, काम तेच, पण पुण्याहून साताऱ्याला बदली झाली की महिन्याला १० हजार कमी.

आता यातली गंमत बघा. हा वर्ग प्रत्यक्ष भाडं बघून ठरत नाही, लोकसंख्या बघून ठरतो. आणि ती लोकसंख्या आहे २०११ च्या जनगणनेची. तेव्हा सांगली, मिरज, कुपवाड मिळून नागरी समूहाची लोकसंख्या ५ लाख १३ हजारांच्या आसपास होती. म्हणजे सांगली थोडक्यात 'वाय'मध्ये बसली. सातारा शहर तेव्हा १ लाख २० हजारांचं होतं. २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली, शाहूपुरीसारखी उपनगरं पालिकेत आली, तरी ५ लाखांचा आकडा लांबच.

थोडक्यात, सरकारी कागदावर सातारा सांगलीपेक्षा स्वस्त आहे. पण सदरबझारात किंवा विसावा नाक्याजवळ फ्लॅट शोधणाऱ्याला घरमालक काही 'झेड' वर्गाचा दर लावत नाही.

स्वस्त काय होतं आणि काय होत नाही?

महागाईचा दर काढताना सरकार एक टोपली धरतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत शहरी कुटुंबाच्या १०० रुपयांच्या खर्चात खाण्यापिण्याला सुमारे ३६ रुपये, घराला जवळपास २२, प्रवास आणि फोनला १० च्या आत, शिक्षणाला साडेपाच आणि आरोग्याला ५ च्या आसपास असा वाटा होता. आपापल्या घरात हे थोडं इकडंतिकडं असेल, पण अंदाज येतो.

आता ही टोपली साताऱ्यात नेऊन ठेवा.

घरभाडं उतरतं, आणि बऱ्यापैकी उतरतं. प्रवासाचा खर्चही उतरतो, कारण पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायला दुचाकीला कितीसं पेट्रोल लागणार? भाजी, दूध यात थोडा फरक पडतो. घर शेतकऱ्याचं असेल तर गहू, ज्वारी, तांदूळ गावाकडून येतो, तो फरक मोठा.

पण गॅस सिलिंडर, मोबाईलचा रिचार्ज, गोडेतेल, तूरडाळ, औषधं, गाडीचा हप्ता, मुलाची ऑनलाइन शिकवणी? यातलं काहीही 'गाव लहान आहे' म्हणून सूट देत नाही. पेट्रोलचा दर तर पुण्यात आणि सांगलीत फार वेगळा नसतोच.

म्हणजे 'छोटं शहर स्वस्त' याचा खरा अर्थ इतकाच, की छोट्या शहरात जागा आणि अंतर स्वस्त आहे. बाकीचा बाजार देशभर जवळपास सारखा.

आता आकडेमोड करू

खालचे आकडे फक्त गणित कळावं म्हणून धरलेत. तुमचे आकडे घालून बघा.

समजा, नवरा-बायको आहेत आणि कमावणारा एक. पुण्यात हातात पगार ६० हजार. भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स २० हजार, प्रवास ५ हजार, किराणा-भाजी-दूध १४ हजार, वीज-गॅस-फोन ४ हजार, बाकी ७ हजार. एकूण ५० हजार. शिल्लक १० हजार.

तेच जोडपं साताऱ्यात. पगार ४० हजार. भाडं ९ हजार, प्रवास २ हजार, किराणा १२ हजार, वीज-गॅस-फोन ४ हजार, बाकी साडेपाच हजार. एकूण साडेबत्तीस हजार. शिल्लक साडेसात हजार.

खर्च साडेसतरा हजारांनी कमी झाला, पण पगार २० हजारांनी. यातली १४ हजारांची बचत फक्त भाडं आणि प्रवासातून आली, हे लक्षात घ्या.

आता तीन वेगळ्या परिस्थिती.

पहिली, स्वतःचं घर आहे. वडिलांनी बांधलेला बंगला आहे, नाहीतर वाड्यातल्या दोन खोल्या. भाडं गेलं, घरपट्टी-डागडुजीचे महिन्याला दीड हजार धरले, तर शिल्लक १५ हजार. पुण्यापेक्षा जास्त.

दुसरी, पगार पुण्याचा आणि राहणं साताऱ्यात, म्हणजे वर्क फ्रॉम होम. भाड्याच्या घरात राहूनही शिल्लक साडेसत्तावीस हजार. रील्समध्ये सुखात दिसणारे बरेच जण याच गटातले असतात, पण ते सांगायचं राहून जातं.

तिसरी परिस्थिती सगळ्यात महत्त्वाची, कारण ती पहिल्या वर्षी दिसत नाही. समजा पुण्यात पगार वर्षाला १० टक्क्यांनी वाढतो, साताऱ्यात ५ टक्क्यांनी आणि खर्च दोन्हीकडं ६ टक्क्यांनी. पाच वर्षांनी पुण्यातला पगार साधारण ९६ हजारांवर गेलेला असेल आणि शिल्लक ३० हजारांच्या घरात. साताऱ्यातला पगार ५१ हजार आणि शिल्लक तीच, साडेसात हजार. आज अडीच हजारांचा असलेला फरक पाच वर्षांनी २२ हजारांचा होतो.

म्हणून नोकरी बदलताना आजच्या पगारापेक्षा तो पुढं किती वाढेल, हे विचारणं जास्त गरजेचं.

पगार का वाढत नाही?

कारण नोकरी सोडतो म्हटलं तर दुसरी कुठं मिळणार, हा प्रश्न असतो. पुण्यात एका कंपनीत पटलं नाही तर समोरच्या इमारतीत दुसरी असते. साताऱ्यात तसं नाही.

हे दुखणं जुनं आहे. साताऱ्यातली पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली, गावाकडची घरं मनीऑर्डरीवर चालली. मध्ये साताऱ्यात कारखानदारी आली. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ मध्ये उभी राहिली आणि 'प्रिया' स्कूटर साताऱ्यात बनू लागली. पुढं स्कूटरचं उत्पादन थांबलं. आज जिल्ह्यात कारखाने आहेत, पण शिरवळ-खंडाळ्याचा पट्टा साताऱ्यापेक्षा पुण्याच्या जवळ पडतो.

सांगलीचं अर्थकारण वेगळं. हळदीची मोठी बाजारपेठ, तासगावची द्राक्षं आणि बेदाणा, साखर कारखाने, मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसी. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जीआय मानांकनही आहे. इथं व्यापार करणाऱ्याला, शेतीमालावर प्रक्रिया करणाऱ्याला वाव आहे. पण १९४७ पासून चालणाऱ्या वालचंद कॉलेजातून संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडलेला पोरगा कुठं जातो? बहुतेकदा पुण्याला किंवा बेंगळुरूला.

पैशाच्या पलीकडचं

राहणीमान फक्त शिलकीवर ठरत नाही.

पहिला मुद्दा वेळ. पुण्यात कामावर जायला-यायला रोज तीन तास जात असतील आणि साताऱ्यात चाळीस मिनिटं, तर महिन्याच्या २२ दिवसांत ५० तासांहून जास्त वेळ वाचतो. म्हणजे आठ तासांच्या सहा पाळ्या. मुलाला शाळेतून आणणं, आईला दवाखान्यात नेणं, सकाळी अजिंक्यताऱ्यावर चक्कर मारणं, हे सगळं त्यात बसतं.

दुसरा, दवाखाना. इथं सांगली-मिरज भारी पडते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून मिरज वैद्यकनगरी झाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. उत्तर कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. साताऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते थेट या दशकात. म्हणून साताऱ्यात गंभीर पेशंट असला की आजही अनेक घरांत 'कराडला न्यायचं की पुण्याला' ही चर्चा होते. घरात वयस्कर माणसं असतील तर हा मुद्दा भाड्याच्या वर ठेवा.

तिसरा, शिक्षण. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आहे, १९६१ ची सैनिक स्कूल आहे. सांगलीत १९१९ चं विलिंग्डन कॉलेज आहे. बारावीपर्यंत दोन्ही शहरं चांगली. त्यापुढं मुलं बाहेर जाणार, हे धरून वसतिगृहाचा खर्च आधीच मोजलेला बरा.

चौथा, पाणी. साताऱ्याच्या एका भागाला कास तलावाचं पाणी येतं, डोंगरावरून उताराने. बाकी भागांना नदीतून उपसा करून. सांगलीत कृष्णा दारातच आहे, पण शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय.

पाचवा, जाणं-येणं. सातारा पुण्यापासून सुमारे ११० किलोमीटर, सांगली साधारण दुप्पट लांब. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत सांगली आणि सातारा दोन्हीकडं थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस. आठवड्यातून दोनदा ऑफिसला हजेरी लागत असेल तर साताऱ्यातून कसंबसं जमेल, सांगलीतून अंग मोडेल.

आणि हो, केंद्राच्या 'राहण्यायोग्य शहरां'च्या यादीत यातलं काहीच सापडणार नाही. २०२० च्या निर्देशांकात १११ शहरं होती, पुणे मोठ्या शहरांत दुसरं आलं. सातारा आणि सांगलीचं नाव त्यात नव्हतं.

सांगलीत घर घेताना एक रेषा नक्की बघा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली. २००५ ला पूर होताच, २०२१ ला पुन्हा आला.

म्हणून स्वस्त फ्लॅट दिसला की आधी पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपासून त्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर अटी असतात. नकाशा जलसंपदा विभाग आणि महापालिकेकडं असतो. त्याच्या जोडीला शेजारच्या दुकानदाराला विचारा, '२०१९ ला पाणी कुठवर होतं?' तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. महिन्याला वाचणारे तीन हजार एका पुरात फ्रीज, गाडी आणि गाद्यांबरोबर वाहून जाऊ शकतात.

मग जायचं की नाही?

पेन्शनर, बदलीची सरकारी नोकरी असलेले, स्वतःचं घर असलेले, कायमस्वरूपी वर्क फ्रॉम होम लेखी मिळालेले किंवा स्वतःचा धंदा असलेले, यांचं गणित साताऱ्यात आणि सांगलीत बसतं.

नुकतीच पदवी घेतलेल्याचं, भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं आणि स्थानिक पगारावर अवलंबून असलेल्याचं गणित पहिल्या वर्षी बसल्यासारखं वाटतं, पाचव्या वर्षी फसतं. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर दुसऱ्याची नोकरी हातात येईपर्यंत पुण्याची खोली सोडू नये. छोट्या शहरात एक नोकरी मिळते, त्याच महिन्यात दोन मिळणं अवघड. आणि बहुतेक घरांत ती दुसरी नोकरी बाईची असते, घरी बसायची वेळ तिच्यावरच येते.

निर्णय घेण्याआधी कागदावर चार आकडे लिहा. हातात येणारा पगार, भाडं, पाच वर्षांनी अपेक्षित पगार आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याचं अंतर. चौथ्या आकड्यापर्यंत येईस्तोवर बहुतेकांना आपलं उत्तर मिळालेलं असतं.