आधी शेळ्या मोजा, मग चर आखू

पावसाळ्यात ओढ्याचं पाणी लाल होतं ना, ती आपल्याच वावराची माती असते. ती शिवसागरात जाऊन बसते.

बायबलमध्ये सांगितलंय, देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायलाही. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. आपोआप उगवेल ते गरिबांचं, जनावरांचं. आपली आजी-पणजीही नाचणीचं रान पड ठेवायचीच की!

स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम केलं. त्यांच्या पुढाकारानं १९९३ साली ‘वॉटर’ संस्था निघाली. रीत अशी, काम माथ्याकडून पायथ्याकडे. वर समतल चर, मग बांध, शेवटी ओढ्यावर बंधारा. बंधारा आधी बांधला तर गाळानंच भरतो. जोडीला श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी.

पण चराईबंदीनं शेळी कुणाची उपाशी राहते? सरपणाला लांब कोण जातं? आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, आणि मला उत्तर सुचेना. म्हणून ग्रामसभेत ठराव होताना आपण हव्यात. बंदी कुठल्या तुकड्यावर, किती वर्षं, गवत कापून न्यायची मुभा कुणाला, हे तिथंच लिहून घ्यायचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरच्या शेळ्यांचा आकडा आणा.