नाव पाण्यात राहिली पाहिजे

गुऱ्हाळाची काहील नदीत ढकलून पैलतीरी गेलेली माणसं आपल्या कृष्णाकाठी आजही आहेत. बूड रुंद आणि सपाट, म्हणून ती तरते. पण धारेत गरगर फिरते, दिशा धरत नाही. घरदार हलवायचं तर नावच हवी.

पूल झाले, उतारावरचे नावाडी घरी बसले, नाव बांधणारे सुतार दुसऱ्या कामाला लागले. लाकडी नाव उन्हात पडून राहिली की फळ्या आखडतात, सांधे उलतात. ऐन पुरात ती पाणी घेते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली, कितीतरी जीव गेले. माणसं जास्त अन् बोटी कमी, हे दुखणं प्रत्येक पुरातलं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गावांनी यावर बरी युक्ती काढली. तिथं २००९ मध्ये पहिली होडी झाली. प्लायवुडच्या कापीव फळ्यांचा संच आणायचा, गावानं मिळून २२ फुटी होडी बांधायची आणि शेजारगावाशी शर्यत लावायची. वल्ह्यांवर चौघे, सुकाणूला एक. शर्यतीमुळे होडी पाण्यात राहते, डागडुजी होते, पोरं वल्हवायला शिकतात.

सांगली भागात शर्यती होतातच; बांधणीचं तेवढं राहिलंय. तुमच्या गावात नावेचं काम जाणणारा जुना सुतार असेल, तर ऊस नोंदीला याल तेव्हा गट ऑफिसात त्याचा पत्ता जरूर द्या.