भाताच्या पेंढ्यापासून तिरंदाजीचे स्वस्त लक्ष्यफलक

रायपूर : धानाची कापणी आटोपली की छत्तीसगडच्या मैदानी भागात पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. ‘पैरा’ या स्थानिक नावाने ओळखला जाणारा हा पेंढा गुरांचा चारा आहेच. तिरंदाजीच्या सरावासाठी त्यापासून स्वस्त लक्ष्यफलकही घरी तयार करता येतो.

अशा फलकात बाण अडतो तो मुख्यतः दांड्यावरील घर्षणामुळे. म्हणून जाडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व भरणा घट्ट असण्याला आहे. पेंढा किंचित ओलसर करून त्याचा जाड दोर वळावा, तो चकलीसारखा गुंडाळत प्रत्येक वेढा दाभण व सुतळीने आधीच्या वेढ्याशी आवळून शिवावा आणि चकती पूर्ण वाळू द्यावी. पेंढा नसल्यास बारदानात जुने कपडे ठासून भरता येतात. मात्र त्यांची बटणे व चेन आधी काढावीत.

ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवरील लक्ष्याचा व्यास 122 सेंटीमीटर असतो. खिळा व दोरीच्या साहाय्याने, त्रिज्या 6.1 सेंटीमीटरने वाढवत, दहा वर्तुळे कागदावर काढली की तीच आकृती मिळते.

काटकसर करू नये ती सुरक्षिततेत. सैल फलकातून बाण आरपार जातो; त्यामुळे मागे मातीचा उंच बांध हवा, पायवाट किंवा वस्ती नको. मध्यभाग सर्वांत आधी सैल होतो. तेथे बोट सहज शिरू लागले, की सराव थांबवून फलक पुन्हा आवळून घ्यावा.