जुळ्या वायूंची फारकत

प्लास्टिकची साधी पिशवी इथिलीनपासून बनते. पण भट्टीतून निघालेल्या इथिलीनसोबत इथेनही येतोच. दोघांत फरक काय, तर दोन हायड्रोजन अणूंचा. इथिलीन उणे १०४ अंशांना उकळतो, इथेन उणे ८९ला. एवढ्याशा अंतराच्या जोरावर उंच मनोऱ्यांत, दाबाखाली आणि कडाक्याच्या थंडीत त्यांची फारकत करायची, ही कारखान्यांची रूढ रीत. ती किती महाग पडते, ते शॉल आणि लाइव्हली या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं: केवळ इथिलीन आणि प्रोपिलीन शुद्ध करण्यात जगाची ०.३ टक्के ऊर्जा जाते, म्हणजे जवळपास सिंगापूरच्या वर्षभराच्या वापराइतकी.

यावरचा तोडगा जिथून आला, तिथे इथिलीनचा विचारही कुणी करत नव्हतं. १९८९ मध्ये मेलबर्नच्या रिचर्ड रॉब्सन यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा सेंद्रिय रेणू जोडून पोकळ्यांनी भरलेला स्फटिक रचला. त्या रचना नाजूक होत्या. १९९७ मध्ये जपानच्या सुसुमू कितागावा यांनी अशा चौकटीत वायू शिरतो आणि चौकट न मोडता बाहेरही पडतो, हे दाखवलं. १९९९ मध्ये ओमर याघी यांचा ‘मॉफ-५’ आला (मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची अशी सच्छिद्र चौकट): एका ग्रॅमला सुमारे २,९०० चौरस मीटर पृष्ठभाग! मग आकडे वाढवण्याची चढाओढच लागली. मला ती थोडी मिरवण्याचीच वाटते. वायू वेगळे करायला पदार्थ खादाड असून भागत नाही, त्याला निवड करता यावी लागते.

ती निवड २०१२ मध्ये बर्कलीच्या जेफ्री लाँग यांच्या गटाने साधली. चौकटीतल्या लोखंडाची एक बाजू त्यांनी उघडी ठेवली आणि तिने इथिलीनचा दुहेरी बंध धरून ठेवला. पण गोम अशी, की हवा तो वायूच आत अडकला. तो पुन्हा बाहेर काढायचा, म्हणजे खर्च आला आणि भेसळीचा धोकाही. २०१८ मध्ये बांगलिन चेन आणि सहकाऱ्यांनी त्याच लोखंडावर ऑक्सिजन बसवला आणि पारडं उलटलं. आता इथेन चिकटून राहिला आणि ९९.९९ टक्के शुद्ध इथिलीन थेट बाहेर आला. या सगळ्या इतिहासातली ही चाल मला सर्वांत देखणी वाटते. मात्र या पदार्थाला हवा आणि दमट वातावरण सोसत नाही.

कारखान्यापर्यंत पोहोचला तो वेगळाच, वेगळ्या कामाचा आणि दिसायला अगदी सामान्य मॉफ. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट यांचा ‘कॅल्फ-२०’ धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतो आणि वाफेलाही दाद देत नाही. तो कॅलगरीत जॉर्ज शिमिझू यांच्याकडे घडला. त्याच घराण्यातल्या एका पदार्थावरच्या २०१०च्या ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाचे पहिले लेखक रामनाथन वैद्यनाथन, पुढे त्यांनी पुण्याच्या आयसरमध्ये संशोधन केलं.

रॉब्सन, कितागावा आणि याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथिलीन मात्र अजूनही मुख्यतः त्या थंड मनोऱ्यांतच वेगळा होतो.