सीमेतले लोखंड आणि साठ्यातले लोखंड

नकाशावर आपल्या सीमेत लोखंडाचे चिन्ह दिसले की लोखंड आपले झाले, असे ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळणाऱ्या अनेकांना वाटते. असे वाटणे साहजिक आहे, पण खेळाचा नियम वेगळा आहे. स्ट्रॅटेजिक रिसोर्स (सैन्य उभारायला लागणारे खनिज, इंधन किंवा घोडे) सीमेत असले, तर त्यावर फक्त आपला हक्क असतो. शेतात उभी असलेली ज्वारी कापून, मळून कणगीत पडेपर्यंत भाकरीच्या कामाची नसते, तसेच हे. लोखंड असलेल्या षटकोनी घरावर बिल्डर (खेळातला बांधकाम करणारा कामगार) पाठवून खाण खणावी लागते. २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात अशी एक खाण दर टर्नला (फेरीला) २ लोखंड देते आणि तलवारबाजांच्या एका तुकडीला साधारणपणे २० लागतात. म्हणजे दहा फेऱ्यांची बेगमी आधीच हवी. शत्रूने खाण लुटली, तर दुरुस्तीपर्यंत आवक बंद.

याच्या उलट चूकही होते. ‘ब्राँझ वर्किंग’चे संशोधन पूर्ण होईपर्यंत लोखंड नकाशावर दिसतच नाही, तोवर ‘आपल्याकडे नाही’ असे ठरवू नये. खरा साठा पडद्याच्या वरच्या पट्टीत दिसतो. युद्ध पुकारण्यापूर्वी तो आकडा जरूर पाहावा.